संध्याकाळच्या बातम्या तू वाचणार होतीस

शैलामावशी,

तू गेल्याचं कळल्यावर ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘अमेरिकेतल्या मराठी रेडिओचा आवाज हरपला.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी फोन धरून बसले होते आणि मला तुझं उत्तर ऐकू येत होतं. ‘आवाज कुठला हरपतोय, लिव्हर गेलं माझं. नीट लिहा म्हणावं.’ मी ते लिहिलं नाही. मीही हातच जोडले. दुसरं काय करणार होते?

लोक म्हणतायत, तुझ्याबद्दल काहीतरी लिही. तू कुठे जन्मलीस, कुठे शिकलीस, किती वर्षं भूल देण्याचं काम केलंस, हे सगळं तुझ्या हॉस्पिटलनं छापलंय. सोबत फोटोही आहे, त्यात तू इतकी हसतेयस की ओळखूच येत नाहीस. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशीच बोलायचंय, कारण आपलं बोलणं अर्ध्यावर राहिलंय.

आपण भेटलो ते गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमीत. शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता, मी निवेदन वाचत होते आणि तू हॉस्पिटलातून थेट, निळ्या कपड्यांतच, मागच्या खुर्चीवर येऊन बसली होतीस. तालीम संपल्यावर माझ्याजवळ आलीस.

“आवाज चांगला आहे तुझा. पण श्वास चुकीच्या जागी घेतेस.”

“म्हणजे कसं, काकू?”

“काकू नको, मावशी म्हण. आणि तुम्ही-बिम्ही पण नको, मला राउंडवर असल्यासारखं वाटतं.”

मग तू मला समोर उभं करून एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला लावलंस. श्वास घेतला की बोट वर करायचीस. आयुष्यभर लोकांचे श्वास ऐकलेली बाई, तुझ्या कानातून काही सुटायचं नाही. मी पुण्याची, शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली. मला राग आला होता. घरी येऊन नवऱ्याला, निखिलला म्हटलं, “कोण ती डॉक्टरबाई, समजते कोण स्वतःला.” आणि पुढच्या रविवारी तुझ्या घरी आले.

रेडिओचं वेड तुझं, आणि ते मला कळायला वेळ लागला. वर्ध्याच्या तुमच्या घरात आईचा रेडिओ पहाटेच्या धुनेपासून रात्रीच्या शेवटच्या निवेदनापर्यंत चालू असायचा. आई काहीही ऐकायची. भजनं ऐकायची, संत्र्याच्या बागेवरच्या किडीबद्दल ऐकायची, तिला एक अक्षर कळत नसलेल्या संस्कृत बातम्या ऐकायची. तू एकदा तिला विचारलंस, हे कशाला लावून ठेवतेस, कळतं का तुला? ती म्हणाली, “कुणाला तरी कळत असेल ना. आपण मधेच बंद कशाला करायचं?” हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की तुझ्या आईचा आवाज कसा असेल हे मला माहीत असल्यासारखं वाटतं.

तर तू रिटायर झालीस आणि बेडरूमच्या वॉक-इन क्लॉझेटमध्ये, त्या कपड्यांच्या छोट्या खोलीत, आपलं केंद्र सुरू झालं. इंटरनेटवरचा रेडिओ, रविवारी तासभर. लटकवलेल्या साड्यांमुळे आवाज घुमत नसे. “या साड्यांचा पहिल्यांदाच कुणाला उपयोग होतोय,” तू म्हणायचीस. मी कपाटाला टेकून, तू उलट्या ठेवलेल्या लाँड्री बास्केटवर. पाहुणे कधी न्यू जर्सीचे, कधी कॅलिफोर्नियाचे, कधी मिशिगनच्या नोव्हायचे. ‘अखिल अमेरिका राष्ट्रीय केंद्र’ असं तू चेष्टेनं म्हणायचीस आणि हळूहळू सगळेच म्हणायला लागले. “मी जन्मभर लोकांना झोपवलं,” तू पहिल्याच रविवारी सांगितलंस, “आता जागं ठेवायचा प्रयत्न करते. किती जमतंय बघू.”

पण तुला तास नको होता, तुला दिवस हवा होता. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, एकामागून एक कार्यक्रम, जसा राष्ट्रीय रेडिओवर असायचा तसा. सुरुवातीची धून, चिंतन, भक्तिसंगीत, शेती, बायकांचा कार्यक्रम, मुलांचा, श्रुतिका, फर्माईश, बातम्या, शेवटी शास्त्रीय गायन. न्यू जर्सीत उजाडताना सुरू करायचं आणि आपल्या टेक्सासमधलं ऊन उतरेस्तोवर चालवायचं. मी विरोध केला. म्हटलं, मावशी, इतका वेळ सलग कोण ऐकणार, आपण वेगवेगळे पॉडकास्ट करू, ज्याला जे हवं ते तो ऐकेल.

“हो, म्हणजे ज्याला जे हवं तेवढंच,” तू म्हणालीस. “मीनल, मला तेच नको आहे. दुसऱ्याला हवं असलेलं आपण थोडं ऐकायचं, त्याला रेडिओ म्हणतात.”

दुसरा वाद रेकॉर्डिंगचा. मी म्हणायचे, दिवसभराचं सगळं साठवून ठेवू. तू ठाम नाही. “ज्यानं ऐकलं त्यानं ऐकलं. साठवलेलं कुणी ऐकत नाही, नुसतं असतं.” तू बोललीस तसंच केलं मी. आता रोज कुणीतरी विचारतं, त्या दिवसाची लिंक आहे का, मावशींचा आवाज ऐकायचा होता. मी सांगते, नाहीये. काही जणांना वाटतं, मी देत नाहीये. मावशी, या एका बाबतीत माझं बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं, आणि हे तुला ऐकवायला आता मला कुठेही जागा नाही.

तयारी सुरू झाली आणि एका रविवारी, क्लॉझेटमधल्या त्या पिवळट दिव्याखाली, तू आरशात बघत म्हणालीस, “मीनल, माझे डोळे पिवळे दिसतायत का गं?”

“लाइटमुळे असेल.”

“हं,” तू म्हणालीस. “लाइटमुळेच असेल.” आणि पुढच्या पाहुण्याला फोन लावलास. तुला त्या क्षणीच कळलं होतं. मला ते नंतर कळलं, जेव्हा तू स्वादुपिंड, लिव्हर, स्टेज असे शब्द एखाद्या दुसऱ्याच पेशंटबद्दल बोलावं तसे बोललीस, भाजी चिरता चिरता.

शुगर लँडहून ह्यूस्टनच्या हॉस्पिटलात मी तुला नेत होते. गाडीत तू धून कुणाकडून वाजवून घ्यायची, श्रुतिकेत सासूचं काम कुणाला द्यायचं, असलंच बोलायचीस. केमोच्या काही फेऱ्या झाल्या. मग एका दुपारी परत येताना, फ्रीवेवर गाड्या तुंबलेल्या, एसी पुरत नव्हता, तू म्हणालीस, “आता बस. पुढची फेरी घेणार नाही मी.”

मी सगळं वाचून ठेवलं होतं. म्हटलं, एका नव्या औषधाची ट्रायल आहे, तू त्यात बसतेस, मी बोललेय त्यांच्याशी, निदान भेटून तर येऊ.

“मिळून मिळून काय मिळेल त्यात?”

“काही महिने मिळतील, मावशी.”

“मला दिवस करायचाय गं. महिन्यांचं काय करू? ओकत बसू?”

“असं नसतं. तू डॉक्टर असून—”

“डॉक्टर आहे म्हणूनच. मीनल, आज भांडू नकोस, दमलेय मी. नंतर भांडू.”

आणि तू डोळे मिटलेस. ते नंतर आलं नाही. मी तयारीत होते. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ, औषध बदलून बघू, थोडं थांबून पुन्हा सुरू करू, माझ्याकडे कितीतरी मुद्दे होते. ऑफिसला ड्राइव्ह करताना अजूनही मी ते मुद्दे मांडते, अगदी मोठ्यानं, हात हलवून. शेजारच्या लेनमधल्या लोकांना वाटत असेल फोनवर बोलतेय.

तुझा भाऊ, अरुणमामा, नागपूरहून यायला धडपडत होता. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती पुढच्या वर्षीची. त्यानं तातडीचा अर्ज केला, तुझे रिपोर्ट जोडले, नाकारला गेला. त्यानं मला विचारलं, “तिथून काही करता येतं का बघ ना बाळा.” मी स्वतः व्हिसावर राहणारी. मी बघते म्हटलं. इकडे तिकडे मेल पाठवले, एकाचं उत्तर आलं, त्यातही नियमच लिहिले होते. “असू दे,” तू म्हणालीस. “त्याला सांग दिवसभर रेडिओ लाव. तिकडं रात्र असेल, पण जागेल तो.”

उपचार थांबल्यावर फक्त आराम देणारी, हॉस्पिसची नर्स घरी यायला लागली तेव्हा मी म्हटलं, आता पुढे ढकलू या, बरं वाटलं की करू. तू मला हातानं थांबवलंस. मग म्हणालीस, “तारीख तीच. आणि संध्याकाळच्या बातम्या मी वाचणार. एक बातमी माझ्याकडची आहे, ती तुला आधी सांगणार नाही.” तुझ्या डोळ्यांत ती मिश्कील चमक होती, पिवळ्या डोळ्यांतसुद्धा.

त्या दिवशी मी उजाडायच्या आधी आले. तुझा पलंग क्लॉझेटच्या दाराला लागून सरकवून घेतला होता, म्हणजे मी आत बोलताना तुला दिसेन. नोव्हायच्या अभयनं व्हायोलिनवर बसवलेली धून सुरू झाली. अभय गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर, त्यानं तुझ्यासाठी महिनाभर ती धून घोटली होती. तू डोळे मिटून हातानं ताल धरलास. मग मी बोलले, नमस्कार, आज दिवसभर आपण सोबत असणार आहोत, आणि पलंगावरून तुझं बोट वर गेलं. मी श्वास चुकीच्या जागी घेतला होता.

सकाळ छान गेली, हे मला सांगायलाच हवं, कारण नंतर सगळे तुझ्या शेवटाबद्दलच विचारतात. चिंतन झालं, भक्तिसंगीत झालं. शेतीच्या जागी आपण बागकाम घेतलं होतं. टेक्सासमधल्याच फ्रिस्कोचे गोखले काका कढीपत्त्याबद्दल बोलणार होते, थंडीत गॅरेजमध्ये कसा ठेवायचा, केव्हा छाटायचा. ते इतके रंगले की थांबेनात.

“त्यांना आवर,” तू पलंगावरून म्हणालीस, “नाहीतर ते फोडणीपर्यंत पोचतील.”

नर्स जॅकी तुझ्या उशाशी बसून होती. तिला मराठीचा गंध नव्हता, पण तू हसलीस की ती हसायची. मधेच तिनं मला विचारलं, “आत्ता कशावर बोलतायत?” मी सांगितलं, एका झाडाच्या पानांवर. “इतका वेळ?” ती म्हणाली. तुला ते फार आवडलं.

दुपारी मुलांचा कार्यक्रम. माझी ईरा आली निखिलबरोबर. तिचं मी लिहून दिलेलं भाषण होतं, ऱ्हस्व-दीर्घासकट तोंडपाठ करून घेतलेलं. तू आदल्या आठवड्यात तिला बोलावून ते भाषण बाजूला ठेवायला लावलंस हे मला त्या दिवशी, माइकसमोर कळलं. ईरा लाँड्री बास्केटवर बसली आणि म्हणाली, “मला मराठी समजतं. आई बोलते ते सगळं समजतं. पण मी बोलायला जाते तेव्हा माझं तोंड उशिरा पोचतं. तोपर्यंत इंग्लिश आलेलं असतं.” मग ती म्हणाली, आजीच्या गावाला खूप कुत्रा आहेत आणि ते सगळे तिला ओळखतो. मी दुरुस्त करायला पुढे झाले तर तू पलंगावरून मानेनंच नाही म्हणालीस. तू हसत होतीस, पोट धरून, आणि हसताना तुला दुखत होतं हेही दिसत होतं. ते तुझं शेवटचं हसू. तेव्हा मला माहीत असतं तर मी ईराला म्हटलं असतं, बोल, अजून बोल, वेळेकडे बघू नकोस. पण पुढे श्रुतिका होती. मी तिला खूण केली आणि ती “ओके, बाय, म्हणजे नमस्कार” म्हणून उठली.

श्रुतिका आधीच ध्वनिमुद्रित केलेली होती, म्हणून मला बाहेर येऊन तुझ्याजवळ बसता आलं. तू झोपली होतीस. जॅकीनं मला हळूच बाजूला घेतलं. म्हणाली, श्वास बदललाय, बघ. मी बघितलं. तू श्वास घ्यायचीस, मग मोठा खंड, मग पुन्हा. तूच मला शिकवलं होतंस श्वास ऐकायला.

“किती वेळ?” मी विचारलं.

“काही तास असतील, काही दिवसही असतील. सांगता येत नाही.”

“मी हे बंद करू का? सगळं?”

जॅकी म्हणाली, “ते मी कसं सांगू? तिला ऐकू येत असेल एवढं मात्र नक्की.”

मी निखिलला विचारलं. तो म्हणाला, तुला वाटेल ते कर. अरुणमामाला फोन लावला, तो म्हणाला, तू तिथे आहेस, तू ठरव. तुझ्या कानाशी वाकून तुलाच विचारलं. तुझा श्वास आला, पुन्हा थांबला. आतून श्रुतिकेतली सासू सुनेवर ओरडत होती, आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती, तू कधीतरी म्हणाली होतीस, ऐकणाऱ्याला अचानक शांतता ऐकवू नये, माणूस घाबरतो. श्रुतिका संपली आणि मी आत जाऊन म्हणाले, आता ऐका आपल्या आवडीची गाणी. मावशी, मी काही ठरवलं नाही. मला थांबवता आलं नाही एवढंच.

न्यूयॉर्कहून, डेन्व्हरहून, कुठून कुठून लोक फोन करून गाणी सांगत होते, ‘मावशींना नमस्कार सांगा’ म्हणत होते. मी सांगते म्हणत होते. माझा आवाज अगदी व्यवस्थित होता. त्या गोष्टीची मला आजही भीती वाटते.

संध्याकाळ झाली. बातम्यांची वेळ आली तेव्हा तू जागी होतीस. नोव्हायहून ऑनलाइन जोडलेल्या अभयला मी सांगून ठेवलं होतं, काही झालं तर त्यानं वाचायचं. पण तू माझ्याकडे बघत होतीस आणि माइककडे बघत होतीस. मी लांब वायर लावून माइक पलंगावर आणला, तुझ्या ओठांशी धरला. अभयची धून वाजली. मी म्हटलं, “आजच्या बातम्या देत आहेत डॉक्टर शैला.”

तू ओठांवरून जीभ फिरवलीस. मग तू म्हणालीस, “नमस्कार.”

तुझा तोच आवाज होता. गार, सावकाश. मला वाटलं, आता तू ती बातमी सांगणार.

“नमस्कार. मी डॉक्टर शैला. तुम्हाला मी झोपवणार आहे.” थोडं थांबून, “सकाळपासून काही खाल्लेलं नाही ना? पाणी? बरं. दागिने काढलेत ना? दात खरे आहेत?”

जॅकी मला खुणेनं विचारत होती, काय म्हणतेय? मी मान हलवली. माइक बाजूला घ्यायला हवा होता की धरून ठेवायला हवा होता, मला आजही कळत नाही.

“घाबरू नका,” तू म्हणालीस. “मी इथेच आहे. मी कुठेही जात नाही. मोठा श्वास घ्या. छान. आता दहापासून उलटे आकडे म्हणा.”

आणि तू थांबलीस. तू वाट बघत होतीस. कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “दहा. नऊ. आठ.” तुझे पेशंट सातच्या पुढे कधी गेले नाहीत असं तू सांगायचीस. मी सात म्हटलं, सहा म्हटलं. तू डोळे मिटलेस. मी म्हणत राहिले, कारण थांबायचं कुठे ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि एक म्हणून झाल्यावर माझ्याकडे काहीच उरलं नाही. देशभर लोक ऐकत होते आणि मी माइक धरून, तोंड उघडं ठेवून बसले होते.

अभयनं सांभाळून घेतलं. त्याच्याकडे बातम्या नव्हत्या, तू कुणाला दिल्याच नव्हत्यास. त्यानं हवामान वाचलं. नोव्हायला ढग आहेत. फ्रिस्कोला वारा आहे. शुगर लँडला उकाडा राहील. एकेका गावाचं हवामान तो वाचत गेला, आपले लोक जिथे जिथे राहतात असं त्याला आठवलं त्या सगळ्या गावांचं. मग कुणाच्या तरी मुलीनं गायलेला यमन लावला, आणि तो संपल्यावर मी सगळं बंद केलं.

अरुणमामाचा फोन आला. तिकडे सकाळ झाली होती. तो रात्रभर जागा होता.

“ताईचा आवाज आज चांगला होता गं,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं फार खोल गेला असेल. चांगला होता.”

“हो मामा,” मी म्हटलं. “चांगला होता.”

माणसं मला म्हणतात, किती सुंदर मरण, दिवसभराचे कार्यक्रम ऐकत गेल्या. मी त्यांना दुरुस्त करत नाही. पण तुला माहीत आहे, तू त्या दिवशी गेली नाहीस. त्यानंतर आठवडाभर तू तशीच पडून होतीस, डोळे अर्धे उघडे, न ओळखता. त्या दिवसांत सुंदर काही नव्हतं. जिभेखाली औषधाचे थेंब, कूस बदलणं, ओले बोळे ओठांना लावणं. मी तुला विचारत राहिले, बातमी कुठली होती? एकदा तू “अगं” म्हणालीस, आणि मी सगळं टाकून वाकले, पण त्याच्या पुढे काही आलं नाही.

सुट्टी संपली म्हणून मी घरून कामाला लागले होते. सकाळची मीटिंग चालू होती, मी म्यूटवर होते, आणि जॅकीचा फोन आला. मी तो ऐकला. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणत होतं, मीनल, तुझ्याकडचं काही आहे का? मी अनम्यूट केलं आणि म्हटलं, नाही, माझ्याकडे काही नाही.

अरुणमामानं तुझे अंत्यसंस्कार फोनच्या पडद्यावर पाहिले. मी फोन उंच धरून उभी होते. हात दुखायला लागला तेव्हा तो म्हणाला, “ठेव बाळा, दिसलं मला.” त्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे फक्त दाहिनीचं बंद दार होतं.

तुझे आभार कसे मानू तेही कळत नाही. तू मला बोलायला शिकवलंस असं मी सगळ्यांना सांगते, पण ते पूर्ण खरं नाही. तू मला दुसऱ्याचं ऐकत बसायला शिकवलंस, कंटाळा आला तरी. ईरा आता जेवताना मराठीत चुकते आणि मी मधे बोलत नाही. फार कठीण जातं मला. एवढं एकच मी तुझ्यासाठी करू शकतेय आणि ते किती लहान आहे.

परवाचा रविवार आला. कार्यक्रम होणार नाही असं ग्रुपवर टाकलं होतं. नेहमीच्या वेळेला फर्माईशींसाठी ठेवलेला फोन वाजला. एक आजी होत्या, सिॲटलकडे मुलीकडे राहणाऱ्या. ग्रुपवर नाहीत, त्यांना काही माहीत नव्हतं.

“आज रेडिओ लागत नाहीये,” त्या म्हणाल्या. “माझ्या फोनचंच काही बिघडलंय का?”

“नाही आजी, फोन ठीक आहे तुमचा.”

“मग त्या डॉक्टरबाई कुठे गेल्या?”

मला सांगायचं होतं, मावशी. वाक्य तयार होतं, इतक्या लोकांना ते सांगून झालं होतं. मी म्हटलं, “त्या नाहीयेत.”

त्यांना काय कळलं कोण जाणे. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, “बरं. तू असतेस ना त्यांच्याबरोबर? तूच बोल काहीतरी. मुलगी-जावई बाहेर गेलेत, मी खुर्ची घेऊन बसलेय.”

मी खिडकीतून बाहेर बघितलं. म्हटलं, “इकडे फार उकडतंय, आजी.”

“हो का? आमच्याकडे अजून स्वेटर लागतो,” त्या म्हणाल्या. “बरं, पुढे सांग.”